फोडणीच्या वेळी गप्प बसणारा फोन

विश्राम सोनवणे यांनी उभ्या जन्मात स्वयंपाकघरात माठातून पाण्याचा पेला भरून घेतला, त्यापलीकडे काही केलं नव्हतं. त्यामुळे सदुसष्टाव्या वर्षी ते स्वयंपाकाचं ॲप करायला बसले, तेव्हा बडोद्याच्या तरसालीतल्या त्यांच्या सोसायटीची चांगलीच करमणूक झाली. हसणाऱ्यांना हसू द्यावं. असा माणूस सोसायटीला दुसरा मिळायचा नाही.

काका बाविसाव्या वर्षी चाळीसगावहून बडोद्याला आले, मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात बॉयलरवर लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. आधी पाण्याची पातळी बघायची, मग व्हॉल्व्ह, मग इंधन. प्रत्येक कामापुढे वहीत टिक. एखादा नवखा ‘अंदाजाने केलं’ म्हणाला, की काका त्याला फाडून खायचे. घरी मात्र सगळा अंदाजाचाच कारभार. निरुपमाकाकूंची आमटी बडोद्यात राहून जराशी गोडाकडे झुकलेली, पण काय चवीची! गूळ किती घालायचा असं कुणी विचारलं तर काकू म्हणायच्या, “रंगावरून कळतंच की.”

मग रंग कळेनासा झाला. काचबिंदूने काकूंची नजर हळूहळू नेली. एके दिवशी कढईचा कान समजून त्यांनी तापलेल्या काठावरच हात ठेवला आणि तळवा पोळून निघाला. बडोद्यातल्याच अकोट्याहून मुलगी, आकांक्षा, धावत आली आणि तिने आईचा गॅस बंद केला. दोन वेळचा डबा सुरू झाला. काकूंचं जेवण निम्म्यावर आलं. असं तीन वर्षं चाललं. एका दुपारी त्या म्हणाल्या, “अहो, मला नुसतं बसवून ठेवलंय तुम्ही सगळ्यांनी. सकाळी उठायचं कशासाठी, तेवढं सांगा.”

काकांच्या ते जिव्हारी लागलं. आकांक्षा मोबाइलची ॲपं बनवणाऱ्या कंपनीत कामाला. तिच्याकडून त्यांनी पाककृती वाचून दाखवणारी दोन-तीन ॲपं फोनवर घेतली. पहिलंच ॲप म्हणालं, “कांदा सोनेरी होईपर्यंत परता.” काकू हसून म्हणाल्या, “सोनेरी झाला की मला बोलवा.” काकांनी फोन बंद केला आणि कपाटातून एक कोरी वही काढली.

महिनाभरात आमटीची पद्धत लिहून झाली. एकूण एक्केचाळीस पायऱ्या! फोन एकेक पायरी सांगणार आणि काकूंनी “झालं” म्हटल्याशिवाय पुढे सरकणार नाही, अशी योजना. आकांक्षाने कपाळाला हात लावला, पण बापाचा हट्ट म्हणून दोन रविवार मोडून ॲप तयार करून दिलं. आवाज काकांचाच.

पहिल्या दिवशी डाळ शिजून घोटण्यापर्यंत सगळं सुरळीत झालं. फोडणीला मात्र फोनने घोळ घातला. “मोहरी घाला. घातली असल्यास झालं म्हणा.” काकू म्हणाल्या, झालं. “मोहरी तडतडली का? तडतडली असल्यास झालं म्हणा. नसल्यास थांबा म्हणा.” हे पुराण संपेपर्यंत मोहरी जळून कोळसा झाली होती आणि घरात धूर कोंडला होता. पेटायला तास तास घेणाऱ्या बॉयलरची शिस्त काकांनी फोडणीला लावली होती.

आकांक्षा खोकत म्हणाली, “बाबा, पुरे आता. पुन्हा भाजलं तर? फार तर आणखी एकदा करून बघा. तेव्हा आईला एकटीला जमायला हवं. कुणी शेजारी उभं राहणार असेल तर उपयोग काय? नाही जमलं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.” काकूंनी हात धुतले. काकांनी मान डोलावली.

नंतर त्यांनी आधी मोहरीला दोष दिला, मग कढईला. काकू ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “मला मोहरी ऐकू येते हो. तुमचा फोन बोलत असतो ना, तेव्हा येत नाही.”

चौतीस वर्षं लोकांना शिकवलेला माणूस अशा वेळी फणकारला असता. काका फणकारले नाहीत, आणि हाच त्यांचा मोठेपणा. दुसऱ्या दिवशी त्यांनी पंचा घेऊन स्वतःचे डोळे बांधले आणि ओट्यापाशी उभे राहिले. काकूंनी त्यांचं मनगट धरलं. “ऐका. आता नुसती कुजबुज आहे. आता तडतड. ती ओसरायला लागली की हिंग. वास आला? मग कढीपत्ता, मागे सरकून!” आठ दिवस ही शाळा चालली. काकांच्या मिश्यांना दोनदा तेलाचे शिंतोडे लागले.

एक्केचाळीस पायऱ्यांची पानं काकांनी स्वतःच्या हाताने फाडली. नव्या पद्धतीत फोनने काय बोलायचं ते गॅस पेटण्यापूर्वी बोलायचं. वाट्या डावीकडून उजवीकडे वापराच्या क्रमाने मांडायच्या आणि प्रत्येक वाटीत बोट घालून खात्री करायची. कढईचा कान कुठे, झाकण कुठे, सगळं विचारून घ्यायचं. मग शेवटचं वाक्य: “आता गॅस पेटवा. मी गप्प बसतो.” काकू “बोल” म्हणेपर्यंत फोनने तोंड उघडायचं नाही. समोरच्या कपिलाबेननी हे ऐकलं आणि त्या पोट धरून हसल्या. “आ तो अमारा एमने पण शीखवाडो, विश्रामभाई!” आपल्या यजमानांनाही हे शिकवा, असं त्यांचं म्हणणं.

परीक्षेच्या दिवशी काकूंनी वाट्या मांडल्या, प्रत्येकीत बोट घातलं आणि मग दाराकडे तोंड करून म्हणाल्या, “तुम्ही दारात उभे आहात. श्वास ऐकू येतोय. बाहेर बसा.”

“निरू, गरम तेल आहे—”

“अजून गॅस पेटलेला नाही. तुम्ही गेल्याशिवाय पेटवणारही नाही.”

पेटलेल्या बॉयलरकडे काकांनी नोकरीत कधी पाठ केली नव्हती. तापाने फणफणले होते तरी पाळी बदलणारा माणूस येईपर्यंत जागचे हलले नव्हते. आज ते चपला न घालताच बाहेर पडले आणि समोर कपिलाबेनच्या दारापुढच्या ओट्यावर जाऊन बसले. नजर स्वयंपाकघराच्या खिडकीवर.

खिडकीतून त्यांचाच आवाज आला आणि थांबला. बराच वेळ काहीच ऐकू येईना. काका अर्धवट उठले, पुन्हा बसले. मग मोहरी तडतडली. तडतड ओसरली. हिंगाचा वास रस्ता ओलांडून आला, कढीपत्ता चर्र झाला, आणि फोडणीत डाळ ओतल्याचा मोठा आवाज आला. धूर आला नाही. थोड्या वेळाने भांडी वाजली, पाट सरकला.

“अहो, जेवायला या!”

काका बसूनच राहिले. कपिलाबेननी निवडायला घेतलेली गवार बाजूला ठेवली. “विश्रामभाई, जमवा बोलावे छे. जाओ ने!”

“ऐकलं, बेन,” काका सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसत म्हणाले. “अजून एकदा हाक मारू दे तिला.”