एफ-चौदा सोडून निघालेलं समुद्रफूल

डोअरकीपरने चौतीस वर्षं एकाच नाट्यगृहात लोकांना अंधारात खुर्च्या दाखवल्या. बॅटरीचा उजेड पायापाशी, आवाज कानापाशी. माणूस चुकीच्या रांगेत शिरतोय हे त्याला नुसत्या चालीवरून कळायचं. एकदा तर खुद्द मालकालाच त्याने दुसऱ्याच्या खुर्चीवरून उठवलं होतं, आणि मालकही मुकाट उठले होते.

तो निवृत्त झाला तेव्हा बायको म्हणाली, आता घरात असं काहीतरी आणू या, जे दोघांनी बसून बघता येईल. म्हणून दिवाणखाना आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या अर्ध्या भिंतीवर खाऱ्या पाण्याची टाकी आली. पाणी चांगलं मुरल्याशिवाय त्यात जीव सोडायचा नाही, अशी माशांच्या दुकानदाराने तंबी दिली होती, म्हणून चार महिने दोघांनी नुसते दगड बघितले. डोअरकीपर रोज खारेपणा मोजायचा, पाणी उडून कमी झालं की वरून शुद्ध गोडं पाणी घालायचा. पंपाच्या तोंडाला त्याने जाळीसुद्धा बसवली. मग दोन जोकर मासे आले आणि सगळ्यात शेवटी समुद्रफूल आलं. नावाला फूल, पण असतो तो प्राणी. खाली एकच पाय आणि वर शंभरेक हलणारी बोटं. जोकर मासे त्या बोटांतच घर करतात.

इथवर सगळं ठीक होतं. पण मधल्या सपाट दगडासमोर काचेवर त्याने पांढऱ्या रंगात ‘एफ-चौदा’ लिहिलं आणि फूल तिथे बसवलं. टाकीत दगड मोजून पाच. ए ते ई या रांगा कुठे गेल्या, हे त्याला विचारायची सोय नव्हती. एफ-चौदा ही नाट्यगृहातली सगळ्यात चांगली खुर्ची. दर नव्या नाटकाला तो बायकोला तिथेच बसवायचा आणि स्वतः दारापाशी जाऊन उभा राहायचा.

दुसऱ्या दिवशी फूल एफ-चौदा सोडून डाव्या कोपऱ्यात सापडलं. डोअरकीपरने हातमोजा घालून त्याला परत आणलं. ते पुन्हा गेलं, याने पुन्हा आणलं. मग त्याने बॅटरी काढली, वाळूवर उजेडाचा गोल पाडून वाट दाखवली आणि काचेला तोंड लावून अदबीने सांगितलं, की ही जागा आपली नाही, आपली मधली. बायकोने हे ऐकलं आणि बहिणीला फोन लावला. इतक्या वर्षांच्या संसारात मला कधी ‘आपण’ म्हणाले नाहीत, म्हणाली, आणि त्या फुलाशी बघ कसे बोलतायत.

फूल काही बधेना. तेव्हा त्याने अनुभवाचा हुकमी एक्का काढला. तिसरी घंटा होऊन दिवे गेले की कितीही वांड प्रेक्षक गप्प बसतो, हे त्याने आयुष्यभर पाहिलं होतं. त्याने टाकीचा दिवा बंद केला, भर दुपारी पडदे ओढले आणि असे चार दिवस काढले. पाचव्या दिवशी पडदा सारला तर फूल आक्रसून मुठीएवढं झालेलं, रंग उडालेला, तोंड वासलेलं. पायालाही ओरखडे होते आणि ते याच्याच हातचे होते.

दुकानदार फोनवर चिडला. हे उजेडावर जगतं, तो म्हणाला, तुम्ही त्याला उपाशी मारताय. फूल कुजलं तर पाणी नासेल आणि दोन्ही मासेही जातील. त्याची जागा ते स्वतः शोधतं. दिवा लावा आणि हात लावू नका.

डोअरकीपरने सगळे पडदे उघडले. त्याने दिवा लावला आणि बॅटरी लपवून ठेवायला बायकोकडे दिली. तिने ती पिठाच्या डब्यात घातली. पुढचे तीन दिवस तो हात मागे बांधून टाकीसमोर उभा होता. जेवलासुद्धा उभ्यानेच. त्याला खरंच भीती वाटत होती, आणि तो ती लपवतही नव्हता.

चौथ्या दिवशी फूल हललं. इंचाइंचाने सरकत, एफ-चौदाला वळसा घालून, ते थेट स्वयंपाकघराकडच्या काचेवर जाऊन चिकटलं. आठवड्याभरात ते टम्म फुललं, रंग परतला आणि जोकर मासे त्यात शिरले. अडचण एवढीच होती, की दिवाणखान्यातून आता त्याचा फक्त तळपाय दिसायचा.

डोअरकीपरने काचेवरचा नंबर खरवडून काढला आणि सोफा ओढत स्वयंपाकघरात नेला. तो फ्रिज आणि ओट्याच्या मधे कसाबसा मावला. आता फ्रिज उघडायचा तर बसलेल्याने पाय वर घ्यायचे. बायको कुरकुर न करता पाय वर घेऊन बसली. डोअरकीपर सवयीने दारापाशी जाऊन उभा राहिला.

“अहो, अजून कुणी यायचं राहिलंय का?” तिने विचारलं.

त्याने खरोखर मागे वळून पाहिलं. “नाही.”

“मग बसा की. माझ्या शेजारी आजवर कायम परक्याच कुणाला तरी बसवलंत.”

त्याला एकदम लाज वाटली. तो सोफ्यापाशी आला, सवयीने वाकून नंबर शोधला, तो काही सापडला नाही. मग तो तिच्या शेजारी बसला.