हंड्यांच्या रांगेतलं नाटक

बिभीषणला नाटक लिहायला कुणी शिकवलं नव्हतं. मोर्च्यांची पत्रकं वाचून वाचून तो आपला आपणच शिकला. आष्टीकडच्या त्याच्या वस्तीला दुष्काळात दूध संस्थेचा पाण्याचा टँकर दिवसाला एकच खेप आणायचा आणि ती निम्म्या घरांनाही पुरायची नाही. तीन अर्ज दिले, तिन्ही फायलीत गुदमरले. शनिवारी संस्थेची सर्वसाधारण सभा होती. सभेपुढं नाटकच करायचं आणि दुसरी खेप घेऊनच उठायचं, असं बिभीषणनं ठरवलं.

तालमीला वस्तीवरच्या सारजाबाईला त्यानं तिचा संवाद म्हणून दाखवला, "हे निष्ठुर व्यवस्थे, आमच्या तृषार्त कंठांचा आक्रोश तुझ्या कानी का पडत नाही?"

"ही बाई कोण हाय?"

"तूच की, काकू! डोक्यावर हंडा घेऊन उभी हाईस."

"मग एवढं बोलू कावून? मान मोडंल की माझी!"

बिभीषणचं टाळकं सणकलं. "तुमाला साहित्य कळत न्हाई!" म्हणत त्यानं वही आपटली आणि कुणी उचलीना, म्हणून स्वतःच उचलली.

पण बोल लागला होता. दुसऱ्या दिवशी माणसं कशी बोलतात ते ऐकायला तो पाण्याच्या रांगेकडं गेला. वही दिसताच बायका ताठ झाल्या. वही म्हणजे पंचनामा, या सवयीनं वस्तीतल्याच पोराला सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "लई बरं चाललंय, साहेब!" मग त्यानं वही शर्टात खुपसली, घरून हंडा आणला आणि रांगेत ठेवला. रांगेत हंडा उभा राहायचा, धनी लिंबाखाली बसायचा. तोही कान टवकारून बसला.

तेवढ्यात वस्तीवरचा धुळाजी शेळ्या घेऊन आला. त्यानं बिभीषणचा हंडा उचलून सरळ शेवटाला ठेवला आणि त्या जागी आपला मांडला.

बिभीषण उडालाच. "ठेव बे हंडा! तुझी शेळी हाय का बे ती, हाकलायला? सकाळधरनं बसलोय, टाळू तापलीय, ये, भाकरी भाज तिच्यावर! अन् तो चेअरमन कुठं गारव्याला बसलाय? आण त्याला, उभा कर शेवटाला!"

"शेळ्यांचे घसे वाळलेत," धुळाजी शांतपणे म्हणाला. "तुझा चांगला ओला दिसतोय."

सगळी रांग खदखदली. राग उतरल्यावर बिभीषणनं वही काढली, तर त्याला स्वतःचा एक शब्द आठवेना. रांगेतल्या सारजाबाईनं सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. "'बे' दोनदा होतं. लिव्ह."

शनिवारी सभेपुढं खरेखुरे हंडे मांडले. धुळाजीचं काम धुळाजीनंच केलं. त्यानं हंडा उचलला मात्र, प्रेक्षकांतून रतनबाई कडाडली, "थांब रे! त्या दिशी पहिला नंबर माझा होता!"

"तुझा? माझी घागर काय आंघोळीला गेलती?" भामाबाई उठली.

बघता बघता निम्मी सभा रंगमंचावर. कुणी घरी पळत जाऊन आपापले हंडेही आणले. "शांत व्हा!" म्हणत चेअरमन मोहनराव मधे शिरले, तर सारजाबाईनं त्यांच्या हातात हंडा दिला. "चेअरमनसाहेब, मधे घुसू नका. मागून या. रांग हाय."

मोहनराव मागं गेले. पुढं चौऱ्याऐंशी हंडे होते. थोडा वेळ ते उभे राहिले, मान पुसली, मग ओरडले, "अहो, दोन खेपा! उद्यापासून दोन खेपा करतो, पण हे आवरा!"

सचिवानं ठरावाची वही उघडली. "दोन खेपा, मंजूर. अन् भांडणाचं काय लिहू?"

"ते नका लिहू," रतनबाई पदर खोचत म्हणाली. "ते अजून चालू हाय."