परत येणाऱ्यांच्या कादंबऱ्या

समस्त पौडकरांना गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आमच्या वाचक मंडळात कादंबरीचा अंतिम निकाल बांगडीवाल्या भाभी लावत. गिऱ्हाइकाला बांगड्या भरतानाही त्यांचा एक डोळा पुस्तकात असे. घर सोडून गेलेला माणूस शेवटी परतला, तर पुस्तक 'लई ग्वाड'. नाही, तर 'लिवणाऱ्याला अक्कल न्हाई'. त्यांचा नवरा 'ईदला येतो' म्हणून आखातात गेला होता, आणि त्यानंतर कितीतरी ईद होऊन गेल्या होत्या.

एका रविवारच्या कादंबरीतला नायक शेवटच्या पानावरही बोटीतच होता. मंडळातले गुरुजी जपून म्हणाले, "भाभी, हा काही घरी पोचला नाही."

मी भाभींकडे पाहायचं टाळलं. पुस्तक मिटत भाभी फाडकन बोलल्या, "अवो, त्यो येतच व्हता! लिवणाराच आदी उठून गेला!"