उज्ज्वलाबाईंची लाल फुलदाणी

नवरा वारल्यावर आसेगावची सोजरबाई अकोल्याला उज्ज्वलाबाईंकडे कामाला राहिली. उज्ज्वलाबाई अंथरुणाला खिळलेल्या, जवळचं कुणी नाही. त्यांच्या खिडकीत चिनी मातीची एक फुलदाणी होती. नक्षी नाही, चित्र नाही; नुसता एकच लाल रंग, बकऱ्याच्या कलेजीसारखा गर्द. तोंडात कापडाचा बोळा. तो काढायचा नाही, अशी ताकीद होती.

दिवेलागणीला पहिला दिवा त्या फुलदाणीपाशी लागायचा. सोजरबाईने एकदा कारण विचारलं.

"निता आहे ती," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "अंधाराला भिते."

वयाचं खूळ समजून सोजरबाई कामाला लागली. पण पुढे दिवा लावायला उशीर झाला, की खिडकीकडून तिला मुसमुसणं ऐकू येऊ लागलं.

उज्ज्वलाबाई गेल्या. पुतण्या राजपालने घर रिकामं केलं आणि आठवण म्हणून फुलदाणी सोजरबाईला देऊन टाकली. मंगरूळपीरच्या बसमध्ये तिने ती मांडीवर धरून आणली. आसेगावात मुलगा ऊसतोडीला गेलेला, घरात सून ज्योत्स्ना एकटी. सासूने फुलदाणीपाशी दिवा लावलेला पाहून ती आधी हसली. एका संध्याकाळी सासू शेजारी गेली होती, घरात अंधार झाला, आणि ज्योत्स्ना अंगणात येऊन बसली. त्या दिवसापासून सासूच्या आधी तीच दिवा लावू लागली. काय ऐकलं, ते तिने सांगितलं नाही.

वर्षभराने राजपाल नागपूरच्या एका जाणकाराला घेऊन आला. जुन्या फोटोत त्यांना ही फुलदाणी दिसली होती. जाणकाराने ती उन्हात धरली, बुडावरची निळी अक्षरं पाहिली आणि चीनच्या बादशहासाठी घडवलेली वस्तू आहे, असं सांगितलं. राजपालच्या पणजोबांनी इंग्रजांच्या फौजेत असताना लुटलेल्या महालातून ती उचलून आणली होती.

मग जाणकाराने बोळा ओढला. त्यामागून लहान मुलीची तेल लावलेली वेणी निघाली, लाल रिबिनीसकट.

राजपालने ती रिबीन ओळखली. निता त्याची चुलत बहीण, उज्ज्वलाबाईंची मुलगी. लपाछपी खेळताना मोठ्या पेटीत शिरली, वरून कडी पडली. सापडली ती दुसऱ्या दिवशी.

त्याने चाचरत फुलदाणी परत मागितली. सोजरबाईने लगेच देऊन टाकली.

"येनी राहू द्या," वेणी मुठीत धरून ती म्हणाली. "तुमच्याकडं तिच्यापाशी दिवा कोन लावन?"

फुलदाणी पुढे कुठल्याशा संग्रहालयात गेली. गावातल्या बायकांनी मात्र सोजरबाईला सांगितलं, लेकराला मोकळं कर, वेणी पाण्यात सोड. तिलाही ते पटलं. भर दुपारी सासू-सून नदीवर गेल्या. सोजरबाईने हात जोडून वेणी सोडली. ती थोडी वाहत गेली, भोवऱ्यात फिरली आणि काठाला येऊन लागली. सोजरबाईने काठीने पुन्हा लोटली. वेणी पुन्हा आली, ज्योत्स्नाच्या पायाशी.

ज्योत्स्ना वाकली. तिने वेणी उचलली, हलक्या हाताने पिळली, पदराने पुसली.

"चाल वं माय, घरी चाल," ती म्हणाली.

सोजरबाईने मान वर केली. सून तिच्याकडे नाही, हातातल्या वेणीकडे पाहत होती.