काना होता की नव्हता

आधीच सांगून ठेवतो, या गोष्टीतलं सगळं मला नीट आठवतं अशी माझी खात्री नाही. गाडी काळी होती की गर्द हिरवी, यावरून आमच्या घरात अजून वाद होतो. साल तीसच्या अलीकडचं की पलीकडचं, तेही विचारू नका. पण माझी जी फजिती झाली ती काही केल्या विसरता येत नाही, आणि तुमचा चहा निवायच्या आत सांगून होईल एवढीच ती आहे. सगळा घोळ एका कान्याचा. 'क'चा 'का' करतो ना, तो काना.

मी तेव्हा सोलापुरात नवा वकील. पुण्याहून आलेला. संस्कृत घेऊन एम.ए., वर एलएल.बी. एवढा शिकलेला माणूस, पण पाकीट चिकटवलं की पुन्हा उघडून बघायचा, आत सही केली होती ना म्हणून. अशा माणसानं मोटार घ्यावी का? पण घेतली, तीही जुनी.

तिचं स्टिअरिंग म्हणजे नुसता विनंती अर्ज होता. आपण चाक फिरवावं, गाडीनं त्यावर विचार करावा आणि पटलं तर वळावं. एकदा मालतीला, म्हणजे माझ्या पत्नीला, घेऊन निघालो होतो. गाडीला काही माझं म्हणणं पटलं नाही. ती थेट एका भाजीवालीच्या पाटीला टेकून थांबली. मालती शांतपणे उतरली, झालंच आहे तर म्हणून अर्धा शेर वांगी घेतली आणि टांगा बोलावला. म्हणाली, "ही सरळ चालायला लागेपर्यंत मी हिच्यात पाय ठेवणार नाही."

तेव्हापासून कुठं जायचं झालं की पुढं टांग्यात मालती आणि मागं रिकाम्या मोटारीत मी. लोकांना वाटायचं, या नवराबायकोंचं बिनसलंय.

त्यात सासरे यायचे ठरले. अक्कलकोटचे, संध्याकाळच्या गाडीनं. मुळात हा पुणेरी जावई जरा घाबरट आहे असं त्यांचं मत, आणि ते चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. आता त्यांच्या डोळ्यांनी बघा: स्टेशनवर मुलगी टांग्यातून उतरतेय आणि जावई मोटारीतून. काय समजतील? मालतीला मोटारीत बसवणं भाग होतं.

गाडी शिवलिंगप्पा मिस्त्रींच्या कारखान्यात नेली. त्यांनी स्टिअरिंगची पेटी उघडली. आतले दात पार झिजलेले. नवी पेटी मुंबईहून मागवली, ती आली, बसवली. चाक आता बोट लावताच ऐकायला लागलं. पण हात सैल सोडला की गाडी आपली डावीकडं निघायची. मी म्हटलं, मिस्त्री, नवी पेटी टाकून हे काय?

"पेटीचा दोष न्हाय, साहेब. पुडच्या चाकांची तोंडं जुळंनात. दोगं दोन दिशेला बगत्यात."

मिस्त्रींनी मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सूत ताणलं, खाली शिरून चाकं जोडणारी दांडी फिरवली, पुन्हा सूत ताणलं. सासरे यायच्या दिवशी दुपारी म्हणाले, आता चालवून बघू. मालतीलाही मुद्दाम बोलावलं. ती लिंबाच्या सावलीत उभी राहिली. कारखान्याच्या मागं मोकळं रान होतं आणि रानाच्या डाव्या कडेला कडब्याची मोठी गंजी. मिस्त्री म्हणाले, मी चाकांवर नजर ठेवून पुढं उलटा चालतो, सांगीन तसं फिरवा. आता मिस्त्रींची घरातली भाषा कन्नड. आमच्याशी मराठी बोलायचे, पण कामात जीव गुंतला की तोंडातून कन्नडच यायचं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सोलापुरात ते सांगावं लागतं असं कुणाला वाटतही नाही.

निघालो. गाडी सरळ चालली होती. जरा जास्तच सरळ चाललीय असं वाटून मी चाक उगीच किंचित उजवीकडं घेतलं.

"येड," मिस्त्री म्हणाले.

मला लागलं हो ते. मनातून माझंही मत फारसं वेगळं नव्हतं, पण पत्नीसमोर? मी ऐकलंच नाही असं दाखवलं आणि चाक घट्ट धरून बसलो.

"येड, येड!"

एकदा नाही, दोनदा. मालतीनं ऐकलं का ते बघायला मी मान वळवली आणि मानेबरोबर चाकही फिरलं डावीकडं, पुरतं.

"आता लई येड! बल, बल!"

इथं माझं संस्कृत आड आलं. बल म्हणजे शक्ती. मला वाटलं, काय मनाचा मोठा माणूस आहे. 'तू ठार वेडा आहेस, पण धीर सोडू नकोस, लाव जोर' असं सांगतोय. डोळे भरून आले माझे. आणि मी जोर लावला. पायानं.

मिस्त्री बाजूला उडाले. गाडी गंजीत शिरली ती दिव्यांसकट. वरून कडब्याच्या पेंढ्या धडाधड टपावर. इंजिन गप्प झालं. धुरळ्यात कमरेवर हात ठेवून उभे मिस्त्री दिसले. या वेळी ते ओरडले नाहीत. हळूच, स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाले, "येडा."

मी उतरलो. अंगात कोर्ट संचारलं. म्हटलं, "मिस्त्री, गाडी बिघडली असेल, माझं डोकं ठिकाणावर आहे. किती वेळा वेडा म्हणालात मला?"

लिंबाखाली मालती पदर तोंडाशी धरून हसत होती. ती अक्कलकोटची, कन्नड तिच्या लहानपणापासून कानावरचं. तिनं जवळ येऊन सांगितलं, "अहो, येड म्हणजे कन्नडात डावं. बल म्हणजे उजवं. ते तुम्हाला वाट सांगत होते."

माझ्या पायाखालचं रान सरकलं. तरी वकील ना मी. म्हटलं, "आणि शेवटचं? त्याला काना होता."

मालतीनं मिस्त्रींकडं पाहिलं. मिस्त्री गंजीकडं बघायला लागले.

"धुरळ्यात काय ऐकू येतंय तुम्हाला," ती म्हणाली. "तेही डावंच. गाडी डावीकडंच गेली की नाही?"

मग मी मिस्त्रींपुढं हात जोडले. भल्या माणसाच्या निर्मळ शब्दावर संशय घेतला म्हणून अगदी सविस्तर क्षमा मागितली, उपनिषदातल्या एका वचनासकट. ते खाली मान घालून ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "असू द्या की, साहेब. हुतंय कदी कदी."

गाडी ओढून काढली. मिस्त्रींनी दांडी आणखी जराशी फिरवली आणि गाडी सुतासारखी सरळ चालली. मालती दार उघडून माझ्या शेजारी बसली. मी विचारलं, विश्वास बसला का? म्हणाली, "गाडीवर बसलाय. तुमच्यासाठी दुभाषी पाहिजे म्हणून आलेय."

स्टेशनवर सासऱ्यांनी लेकीला मोटारीतून उतरताना पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. मग गाडीत बसता बसता गादीवरची कडब्याची काडी उचलून म्हणाले, "जावईबापू, ही पेट्रोलवर चालती की वैरणीवर?"

पुढं बऱ्याच वर्षांनी एका खटल्यासाठी अक्कलकोटला गेलो होतो. साक्षीदारांचं कन्नड मराठीत सांगणारे दुभाषी मधल्या सुट्टीत शेजारी बसले होते. माझ्या मनातली जुनी शंका डोकं वर काढायला लागली. विचारलं, डाव्याला काय म्हणता? येड, ते म्हणाले. डावीकडं? येडक्क. बरं, मग येडा?

त्यांनी पान लावता लावता माझ्याकडं पाहिलं. "ते आमच्यात न्हाय, वकीलसाहेब. ते तुमच्या मराठीत."

घरी आलो. मालती तांदूळ निवडत होती. मी काही विचारायच्या आधीच, आज अक्कलकोटला काय झालं असेल ते माझ्या तोंडावर वाचून, मान वर न करता ती म्हणाली,

"होता. काना होता."