बुडबुडे थांबले तेव्हा

आई बोरीहून परभणीला दवाखान्यासाठी आली होती. गुडघ्याचंच असेल, म्हणून मी विचारलंही नाही. नंबर दुपारनंतर होता. तिला कॉलेजच्या प्रयोगशाळेत भट्टीशेजारी बसवलं आणि मी द्रव नायट्रोजन आणायला गेले. आमच्याकडं तो मिळतो जनावरांच्या कृत्रिम रेतनाच्या केंद्रात.

भट्टीत माझी फिल्म होती, नखाएवढ्या तुकड्यावरचा काळा पातळ थर. दुसऱ्या गावच्या यंत्रावर, लोकांच्या हातापाया पडून केलेली. एकुलती एक. नायट्रोजनच्या गारठ्यात बुडवल्यावर तिनं वीज जराही अडवायला नको, म्हणजे मीटरवर रोध शून्य दिसायला हवा. पण त्यासाठी आधी तिच्यात ऑक्सिजन पुरेपूर भरावा लागतो. तापवून, ऑक्सिजनच्या धारेत सावकाश निववून. धार तुटली की ती अर्धपोटी राहते. फेलोशिप संपत आली होती. ही फिल्म गेली की माझी पीएच.डी. गेली.

परत आले तर बुडबुडे बंद. भट्टीतून निघणारा वायू एका बाटलीतल्या पाण्यातून जातो. बुडबुडे दिसतायत तोवर धार चालू. आता उलट बाटलीतलं पाणीच नळीतून भट्टीकडं चढत होतं. भट्टी निवताना आतला वायू आकसतो आणि धार बंद असली की पाणी ओढतो. ते भट्टीतल्या तापलेल्या काचेत पडलं असतं तर काच फुटलीच असती. आणि आई भट्टीला खेटून बसलेली.

तिला दंडाला धरून मागं ओढलं, नळी बाटलीतून उपसली. पाणी फरशीवर सांडलं. बघते तर ऑक्सिजनच्या सिलिंडरची चावी बंद.

"गॅस चालू टाकून गेलतीस," आई म्हणाली. "मी बंद केला."

घरी स्वयंपाक झाला की ती शेगडीच्या आधी सिलिंडर बंद करते. मी तिच्यावर ओरडले, लय ओरडले. फिल्म निवल्यावर नायट्रोजनमध्ये बुडवली. मीटरवरचा आकडा शून्यावर येईना.

"माझ्यानं बिघडलं का गं?"

मी हो म्हणाले.

आता एकच उपाय होता, पुन्हा तापवून पुन्हा ऑक्सिजन भरायचा. आत वाफ गेली असेल तर तोही फुकट. मी भट्टी लावली. तिला म्हटलं, तू जा दवाखान्यात. ती हलली नाही. पदर तोंडाला लावून बुडबुड्यांकडं बघत बसली. मी पण बसले.

दिवेलागणीला आकडा शून्यावर आला. मी रडलेच.

"जमलं का?" आईनं विचारलं. मग पिशवी उचलली. "चल. शेवटची गाडी जाईल."

"आणि दवाखाना?"

"नंबर गेला. बघू पुढच्या महिन्यात." पिशवी तिनं डाव्या हातातून उजव्या हातात घेतली. "काखेत गाठ लागायलीय हाताला. दुखत तर न्हाई."