उलटी टोपी

अनसिंगच्या बस थांब्यावर आरोग्य खात्यातला तो माणूस मला रोज दिसायचा. जुन्या पेन्शनचा संप कधीच मिटला होता, तरी मागणी छापलेली मोर्चातली पांढरी टोपी त्यानं सोडली नव्हती. बसायच्या आधी ती दोन्ही हातांनी नीट करायचा.

चहावाल्याला सरकारच्या खर्चाची भारी काळजी. "तिजोरीत पैसा नाही, तुमाले पेन्शन कायले पायजे?"

"पैसा नसन," तो बशीत फुंकर घालत म्हणायचा, "पण म्हातारपण तं येऊन राह्यलं ना, भाऊ?"

मे महिन्यात तो पेन्शनशिवायच रिटायर झाला. दुसऱ्या दिवशी सवयीनं थांब्यावर आला. टोपी होती, पण उलटी. अक्षरं आत गेलेली.

"उलटी काहून घातली?" मी विचारलं.

"मांगनं सरलं," तो म्हणाला. "ऊन तं हायेच."